उमेदवार नाहीत, की वाट नाही?

निकालांचे दिवस आले की सी.ए. मंडळींच्या गप्पांत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘चांगली मुलं मिळत नाहीत हो!’ ठाण्यात ऐका, डोंबिवलीत ऐका, पुण्यात ऐका, शब्द तेच. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हापासून विवरणपत्रांच्या तारखा दर महिन्याला मानेवर बसतात. कामे वाढली, पण व्हाउचर तपासणारी, बँकेच्या खात्याशी ताळमेळ घालणारी, व्यापाऱ्याशी चार शब्द नीट बोलणारी मुले आणायची कुठून? जी हुशार असतात ती मोठ्या कंपन्यांकडे जातात आणि जी राहतात त्यांना शिकवायला वेळ नसतो, असा या तक्रारीचा एकूण आशय.

दुसरीही एक तक्रार आहे. ती शहरातल्या कचेऱ्यांपर्यंत पोचत नाही. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की भातसा नदीच्या पुलापाशी सापगाव लागते. या पट्ट्यातली मुले शहापूरला सोनुभाऊ बसवंत यांच्या नावाच्या महाविद्यालयात जातात, मुरबाडच्या बाजूची शिवळ्याच्या महाविद्यालयात. दोन्हीकडे वाणिज्य शाखा आहे. ‘पोरगा बी.कॉम. झाला, आता पुढं काय?’ हा प्रश्न इथल्या घरांत दरवर्षी विचारला जातो. उत्तरे ठरलेली. भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर, मुरबाडच्या एमआयडीसीत कंत्राटी कारकून, नाहीतर स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून दोन-चार वर्षे वाट पाहणे. सी.ए.च्या कचेरीत उमेदवारी करता येते, ही गोष्ट त्या यादीत सहसा नसतेच. तिथल्या एका पालकांनी मला विचारले होते, ‘साहेब, सी.ए. म्हणजे ते शिक्का मारतात तेच ना? आपल्या पोराला कोण घेणार तिथं?’

एकीकडे माणसे हवीत म्हणून ओरड आणि दुसरीकडे काम हवे म्हणून ओरड. आसनगाव ते कल्याण हे अंतर लोकलने तासाभराचेही नाही, पण या दोन तक्रारींची गाठ पडत नाही. ती का पडत नाही आणि कशी पाडता येईल, याचा विचार सी.ए. मंडळींनी करावा आणि मुलांच्या आईवडिलांनीही करावा, म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या भाषेत ‘उमेदवारी’ हा शब्द निवडणुकीने पळवला, पण त्याचा जुना अर्थ हाताखाली राहून काम शिकणे असाच आहे. वकिलाकडे, वैद्याकडे, सोनाराकडे उमेदवारी करीत. सी.ए.ची आर्टिकलशिप हीच उमेदवारी. १९४९ च्या कायद्याने आपल्याकडे सनदी लेखापालांची संस्था स्थापन झाली आणि पुस्तकी परीक्षेबरोबर प्रत्यक्ष कामाचे शिक्षणही सक्तीचे राहिले. ही पद्धत इंग्रजांकडून आली. इंग्लंडमध्ये एके काळी उमेदवारानेच मालकाला ‘प्रीमियम’ म्हणून रक्कम मोजावी लागे. म्हणजे शिकायला जाणाऱ्याच्या घरी आधीच पैसा असला पाहिजे, हे गृहीत धरलेले. आज उलट आहे. फर्मने उमेदवाराला विद्यावेतन द्यायचे असते. परंतु पैशाची अट गेली तरी ओळखीची अट मागे राहिली. ज्याच्या घरात, नात्यात किंवा सोसायटीत सी.ए. आहे त्याला केव्हा, कुठे, कसे जायचे हे बसल्या जागी कळते. सापगावच्या मुलाला ते सांगणारा कोणी नसतो.

आता सध्याच्या टंचाईचे कारण पाहू. १ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली आणि आर्टिकलशिपची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. मुलांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण फर्मच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. ज्या कचेरीत दरवर्षी दोन मुले येत, तिथे पूर्वी एका वेळी सहा जण असत. आता चार असतील. येणाऱ्या मुलांची संख्या तीच राहिली तरी हात एक तृतीयांशाने कमी झाले! तेव्हा नेहमीच्या ओळखीपाळखीतून मुले मिळवण्याची जुनी रीत पुरणार नाही, हे कुणी वेगळे सांगायला नको.

याच योजनेत दुसरी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा देऊन या अभ्यासक्रमात शिरता येते. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला बसता येते. खेड्यातल्या मुलाला हा दुसरा रस्ता जवळचा, कारण बारावीच्या वयात त्याला सी.ए. हे नाव नीट ठाऊकही नसते. पूर्वी असा पदवीधर नाव नोंदवून लगेच आर्टिकलशिप सुरू करी. थोडेबहुत विद्यावेतन हाती येई आणि काम करता करता अभ्यास होई. आता त्याने इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप आधी पास व्हायचे, मग आर्टिकलशिप. म्हणजे पदवीनंतरचे वर्ष-दीड वर्ष एका पैशाची प्राप्ती नाही आणि क्लासची फी मात्र भरायची. ज्या घरी भाताच्या एका पिकावर वर्ष काढतात, तिथला मुलगा नेमका याच टप्प्यावर गळतो आणि गोदामात लागतो. तो हुशार नव्हता म्हणून गळला नाही. त्याला थांबणे परवडले नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की फर्मने मुलाची वाट आर्टिकलशिपच्या दारात पाहू नये. दोन पावले पुढे यावे. पदवी परीक्षा झाली की अशा मुलाला पगारी साहाय्यक म्हणून ठेवून घ्यावे. जीएसटीची विवरणे भरणे, टॅलीत नोंदी करणे, बँकेचा ताळमेळ ही कामे तो महिनाभरात शिकतो. परीक्षेआधी त्याला पुरेशी रजा द्यावी, इंटर पास झाला की आर्टिकलशिपचा करार करावा. फर्मला वर्षभर आधी पारखलेला माणूस मिळेल आणि मुलाच्या घरात महिन्याकाठी काही पडेल. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणालाही श्रेयांक आहेत. महाविद्यालये मुलांसाठी कामाच्या जागा शोधत आहेत. कल्याण-डोंबिवलीच्या फर्मनी या महाविद्यालयांना एक पत्र लिहायचा अवकाश आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. आज उमेदवार निवडताना पाहतात काय? टक्के आणि इंग्रजी. मुलाखत इंग्रजीत सुरू होते आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या दोन वाक्यांत घामाघूम होतो. सी.ए.च्या परीक्षेची उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत नाही. तेव्हा इंग्रजी शिकावे लागणार, यात शंका नाही. पण इंग्रजी वर्षभरात शिकवता येते; कागद पाहून ‘इथं काहीतरी चुकतंय’ असे वाटण्याची खोड शिकवायला फार वेळ लागतो. ती खोड कुणात आहे हे पाहायचे असेल तर मुलाच्या हाती एखाद्या किराणा दुकानाची महिन्याची बिले आणि बँकेचे पासबुक द्या. किंवा बचत गटाची वही द्या. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून अशा वह्या गावोगावी लिहिल्या जात आहेत आणि पुष्कळ घरांत आईची वही मुलगीच लिहून देते! त्यांना सांगा, या दोन आकड्यांत फरक आहे, तो शोधा. तासाभरात जो शोधून काढील तो तुमचा माणूस. त्याने तो मराठीत समजावून सांगितला तरी बिघडत नाही.

माझी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली बरीच वर्षे ग्रामीण शाखांत गेली. वार्षिक हिशेब मिटले की एप्रिलमध्ये शाखेचे ऑडिट होई आणि सी.ए. साहेबांबरोबर शहरातली दोन-तीन आर्टिकल मुले येत. पोरे चटपटीत असत, आकडेमोड पक्की. पण पीककर्जाच्या खात्यांशी आली की अडखळत. साधारण कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक धरायचे, हा नियम त्यांना पाठ असे. पिकाच्या कर्जाला मात्र हंगामाचा हिशेब लागतो. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम आणि दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. एकदा एका मुलाने मला विचारले, ‘सर, हंगाम संपला म्हणजे नेमकी कुठली तारीख?’ मी काही बोलण्याआधी आमचे शिपाई म्हणाले, ‘भात कापून, झोडून, विकून झाला की संपला.’ मुलगा हसला नाही. त्याने ते वहीत लिहून घेतले. चांगला मुलगा होता. पण जे त्याला लिहून घ्यावे लागले ते सापगावचा मुलगा जन्मापासून पाहत असतो. सात-बारावर कुणाची नावे आहेत आणि प्रत्यक्षात जमीन कोण कसतो, गावच्या सोसायटीची थकबाकी कधी वसूल होते, लग्नसराईत कुणाच्या खात्यातून पैसे निघतात, हे सगळे त्याला ठाऊक असते. ऑडिट करणाऱ्याला हेच हवे. आकडा बरोबर आहे की नाही हे यंत्रही सांगते, तो खरा वाटतो की नाही हे माणसाने सांगायचे असते.

आपल्यासारख्या घरगुती वाचकांना यात रस का असावा? कारण आपली ठेव. पेणच्या अर्बन बँकेवर २०१० मध्ये निर्बंध आले आणि रायगड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली आयुष्यभराची पुंजी अडकली. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेची पाळी आली. एकाच उद्योगसमूहाची कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक खोटी खाती दाखवली होती, असे उघड झाले. तपासणाऱ्यांची नजर जिथे कमी पडते तिथे ठेवीदाराचा बळी जातो. पतसंस्था, सेवा सोसायट्या, दूध संस्था, ग्रामीण शाळा चालवणारी मंडळे या सगळ्यांना हिशेब नीट ठेवणारी आणि निर्भीडपणे तपासणारी माणसे लागतात. ती त्याच मातीतून तयार झाली तर त्यांना कागदामागचे गाव दिसेल.

तिसरा मुद्दा पैशाचा आणि प्रवासाचा. विद्यावेतनाची किमान रक्कम गावाच्या लोकसंख्येवर ठरते. मोठ्या शहरातल्या फर्मला अधिक, लहान गावातल्या फर्मला कमी. किमान म्हणजे त्याखाली जायचे नाही एवढेच. पण पुष्कळ ठिकाणी तीच कमाल होऊन बसते. सापगावहून शेअर रिक्षाने आसनगाव, तिथून लोकल. आसनगावहून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ८५ किलोमीटर. फोर्टातल्या कचेरीत जायचे तर जाऊन-येऊन पाच तास मोडतात. सहा दिवसांचे ३० तास झाले. आर्टिकलशिपचे काम आठवड्याला साधारण ३५ तास अपेक्षित आहे. जेवढे काम जवळजवळ तेवढाच प्रवास, मग अभ्यास करायचा कधी? म्हणून या मुलांवर पहिला हक्क, किंवा म्हणा पहिली जबाबदारी, कल्याण-ठाण्याच्या फर्मची आहे. त्यांनी विद्यावेतनाखेरीज लोकलचा पास काढून द्यावा. रक्कम फार नसते, पण घरातल्या बोलण्यात ‘पोराच्या जाण्यायेण्याचा खर्च’ ही अडचण उरत नाही.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न पैशापेक्षा वेळेचा आहे. कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या कमी. एक चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर थांबायचे आणि आसनगावला उतरल्यावर अंधारात रिक्षा शोधायची. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या घाईत कचेऱ्या उशिरापर्यंत चालतात. वडील पहिल्याच आठवड्यात म्हणतात, ‘बाई, नको ती नोकरी.’ आणि बापाचे चुकते असे मी म्हणणार नाही. पण मुलींसाठी सहाची गाडी पकडता येईल अशी वेळ ठरवणे, उरलेले काम सकाळी लवकर किंवा घरून करू देणे फर्मच्या हातात आहे. आज हिशेब संगणकावर आहेत, कागद मोबाइलवर येतात. चार-पाच फर्मनी मिळून शहापुरात एक खोली घेतली, दोन संगणक ठेवले आणि आठवड्यातून तीन दिवस मुलामुलींनी तिथूनच काम केले, तर काय बिघडेल? ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि तो याच तालुक्यातून जातो. हॉटेले, गोदामे, वाहतूकदार वाढतील. त्यांचे हिशेब लिहायला शहापुरातच माणसे लागणार आहेत.

चौथी गोष्ट वागणुकीची. उमेदवाराला चहा आणायला, पाकीट पोचवायला, साहेबांच्या विजेचे बिल भरायला पाठवायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. शहरातला मुलगा ते दोन महिने सोसतो आणि दुसरी फर्म शोधतो. खेड्यातला मुलगा सोसत राहतो आणि गावी जाऊन सांगतो की तिथे शिपायाचेच काम असते. मग त्या गावातून पुढची दहा वर्षे कोणी येत नाही. एक मुलगा नीट शिकून मोठा झाला तर त्याच्यामागे त्याचे चुलतभाऊ, मामेभाऊ, शेजारची मुलगी अशी रांग लागते. भरतीची याहून स्वस्त आणि खात्रीची जाहिरात मला माहीत नाही.

यावर सी.ए. मंडळींचे म्हणणे काय असते तेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, आम्ही शिकवायचे आणि दोन वर्षांनी त्याने मोठ्या कंपनीत जायचे. खरे आहे. पण शहरातला मुलगा तरी कुठे थांबतो? उलट ज्याचे घर, शेत आणि आईबाप शहापुरात आहेत त्याला जवळपास राहण्याचे कारण अधिक आहे. दुसरे म्हणणे असे, की ही मुले परीक्षेत टिकत नाहीत. फायनल पहिल्या फटक्यात पास होणारे शहरातही थोडेच. आणि जो सी.ए. झाला नाही तो वाया गेला, असे का धरायचे? दोन वर्षे चांगल्या हाताखाली काम केलेला माणूस उत्तम अकाउंटंट होतो. शासकीय सहकार व लेखा पदविका, म्हणजे जी.डी.सी. अँड ए., मिळवून सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाकडे वळू शकतो. फर्मने पहिल्याच दिवशी हे सांगून टाकावे की सी.ए. झालास तर उत्तम, नाही झालास तरी तुला इथे अमुक पगाराची जागा आहे. आईवडिलांना धीर देणारे वाक्य हेच आहे.

आपल्याकडेच असे घडते आहे असेही नाही. अमेरिकेत लेखापालाच्या परवान्यासाठी पदवीच्या नेहमीच्या चार वर्षांवर जवळजवळ एका वर्षाचे जादा शिक्षण लागे. खर्च वाढला, तरुण दुसरीकडे वळले, फर्मना माणसे मिळेनात. अखेर २०२५ मध्ये ओहायोसह अनेक राज्यांनी ती अट शिथिल केली आणि त्याऐवजी कामाचा अनुभव धरण्याचा पर्याय दिला. श्रीमंत देशालाही दाराची उंची कमी करावी लागली. आपल्याला तर दार मोठे करायचे नाही, ते कुठे आहे एवढेच दाखवायचे आहे.

शहापूर तालुक्याने मुंबईला देण्यात कधी कसूर केलेली नाही. तानसाचे पाणी १८९२ पासून जाते आहे, आणि मुंबईच्या सात तलावांतल्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. गेलेले पाणी परत येत नाही. मुले मात्र शिकून परत येऊ शकतात, आली नाहीत तरी घरी पैसे पाठवतात, धाकट्याला वाट दाखवतात. म्हणून त्यांना न्यायला कोणी आले तर इथे कुणाची ना नाही. फक्त कोणी आले पाहिजे.

आणि यायचे म्हणजे फार मोठे काही नाही. पदवीचा निकाल लागल्यावर नव्हे, दुसऱ्या वर्षात मुले असताना, एखाद्या शनिवारी फर्मच्या एका भागीदाराने शहापूरला किंवा शिवळ्याला यावे. येताना खेड्यातूनच आलेला एखादा आर्टिकल मुलगा किंवा मुलगी बरोबर आणावी. भाषण दहा मिनिटांचे, तेही मराठीत. उरलेला वेळ त्या मुलाला बोलू द्यावे. किती वाजता निघतोस, काय काम करतोस, हातात किती पडतात, कितीदा नापास झालास, हे सगळे त्याने खरेखुरे सांगावे. पालकांनाही बोलवावे, आई आली तर अधिक चांगले, कारण मुलीला पाठवायचे की नाही हे पुष्कळदा तिथेच ठरते. शेवटी एक कागद हाती द्यावा. फाउंडेशन म्हणजे काय, ५५ टक्क्यांचा रस्ता कोणता, खर्च किती, फर्म काय देईल आणि फोन कुणाला करायचा. त्या मुलांनी फोन केला तर तो मात्र उचलावा.